फाइल वर गेलीय

मंगळवारी रात्री साडेआठला
आमच्या टॉवेल कारखान्यातली नऊ माणसं
साखर पेठ, विडी घरकुल, शास्त्रीनगर, आपापल्या घरांत
एकाच वेळी हसायची.

‘जावक विभाग’.
एकूण तेरा भाग. एक खोली, पाच टेबलं, एक बंद पंखा.
पंख्याच्या दुरुस्तीची फाइल पहिल्या भागात उठली
आणि टेबलावरून टेबलावर फिरत राहिली.
पंख्यानं फिरायचं, ते फाइलच फिरली.

हेडक्लार्क दाबके, कुणी काही विचारलं
की चष्मा कपाळावर सारायचे, म्हणायचे,
“फाइल वर गेलीय.”
वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर.
तो मजला कधी दाखवला नाही.

टायपिस्ट कुमुदच्या यंत्रातला ‘य’ निखळलेला,
तिची सगळी पत्रं ‘महोद’नं सुरू व्हायची.
तेव्हापासून आमच्या अंबिका येमुलला आम्ही ‘मूल’ म्हणू लागलो.
तीन पोरांची आई. ओ द्यायची.

बुधवारी सकाळी पॅकिंगमध्ये
बाबूलाल नदाफ पाचही टेबलं एकटा करायचा,
खांद्यावर नापास टॉवेल, हातात फाइल म्हणून पुठ्ठा.
नरसव्वाकडे टीव्ही नव्हता.
तिच्यासाठी अर्धं तेलुगूत सांगायचा, चुकीच्या तेलुगूत,
ती विनोदाच्या आधीच हसायची.
घड्या घालता घालता विचारायची, “पंखा लागला का रे?”
“कुठला लागतोय मावशी.”
“आपला तरी कुठं लागलाय.”
बाहेर चव्वेचाळीस. आतलं कुणी मोजलं नाही.

ते लोक तेरा भागांत एकही पत्र धाडत नाहीत.
आम्ही दिवसाला चारशे डझन घड्या घालायचो
आणि त्यांच्यावर जीव टाकायचो.
हेवा नव्हता. म्हणजे थोडा होता,
चहाचा. ते चहा बसून प्यायचे.

एकदा पगार अकरा दिवस लांबला.
मॅनेजर बुरासाहेबांसमोर सगळे जाऊन उभे राहिलो.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
आम्ही श्वास धरला.
“चेक वर गेलाय,” ते म्हणाले,
आणि आम्ही असे फुटलो की मागावरची माणसं बघायला आली.
त्यांनी मुद्दाम केलं का, ते आजतागायत कळलं नाही.
हसल्यावर पगार मागता येत नाही, एवढं कळलं.

तेराव्या भागाला, शेवटच्या पाच मिनिटांत, लाइट गेली.
आख्ख्या पूर्व भागाची.
नदाफ तेवढा विजापूर वेशीत, सासुरवाडीला जेवायला गेलेला.
सकाळी त्यानं सांगितलं, पुठ्ठा बाजूला ठेवून:
फिरला बे पंखा. अर्धा फेरा.
मग थांबला.
पाचही जण माना वर करून बघत राहिले
आणि दाबक्यांच्या चष्म्यावर वीस वर्षांची धूळ पडली.
नरसव्वानं डोळे पुसले, आधी पदरानं, मग टॉवेलनं.
तो टॉवेल एक्स्पोर्टचा होता.

कारखान्याला कुलूप लागलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.
नदाफ गेल्या उन्हाळ्यात गेला.
कबरस्तानाच्या फाटकाशी येमुल हळूच म्हणाली, “फाइल वर गेलीय,”
आणि आम्ही म्हातारे तोंडावर रुमाल धरून हलत राहिलो.
लोकांना वाटलं, रडतायत.
तेही होतं.

परवा नातवानं मोबाइलवर तेरावा भाग शोधून दिला.
पंखा फिरत नाही.
फाइल वरून परत येते, तिच्यावर शेरा: ‘कोणता पंखा?’
पाचही टेबलांवर चहा येतो. संपलं.
मी दोनदा पाहिलं. मधे कुठं कापलंय का, तेही पाहिलं.

संध्याकाळी नरसव्वाचा फोन, तुमच्याकडं नळ आला का म्हणून.
बोलता बोलता सांगितलं, मालिका सापडली.
“शेवटी पंखा लागला होता ना रे?”
“लागला होता की. अर्धा फेरा.”
“धूळ पडली होती.”
“पडली होती,” म्हटलं, “खूप.”